कुणाकडे?

“आगरला चाललोय,” असं मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, “ताजमहाल बघायला?”

मोबाइलचंही तेच मत पडलं. ‘आगर’ लिहिलं की तो परस्पर ‘आग्रा’ करून टाकायचा. फारच हट्ट धरला तर मध्य प्रदेशातलं आगर-माळवा दाखवायचा, पण डहाणू तालुक्यातलं आगर काही केल्या द्यायचा नाही. वास्तविक हे आगर सापडायला अगदी सोपं. डहाणूच्या पारनाक्यावरून उत्तरेला बोर्डीच्या रस्त्याला लागलं की ते येतं, आणि डुलकी लागली तर जातं. पुढे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि मग गुजरात. मराठीत आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आगर म्हणजे मिठागर, आणि शोकसभेत आगर म्हणजे सद्गुणांचं. मला यातलं काहीच नको होतं. मला एक दिवस समुद्र बघत बसायचं होतं. एकट्याने.

“एकट्याने म्हणजे?” बायकोने विचारलं.

“म्हणजे मी एकटा.”

“ते कळलं. पण कुणाकडे?”

हा प्रश्न चुकत नाही. आपण गावाला जातच नाही, गावातल्या कुणाकडे तरी जातो. नाशिकला नव्हे, मावशीकडे. कोल्हापूरला नव्हे, व्याह्यांकडे. घराबाहेर पडायला मराठी माणसाकडे चार मान्यताप्राप्त कारणं आहेत : लग्न, मयत, देव आणि कोर्ट. पर्यटन अलीकडे पाचवं झालंय, पण त्याला किमान सतरा माणसं, एक मिनीबस आणि पुरीभाजीचा डबा लागतो. एकटा निघालेला माणूस एक तर घरात भांडून निघालेला असतो, नाहीतर त्याला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलेलं असतं. माझी बाजू साधी होती. एक किरकोळ रजा उरली होती, ३१ डिसेंबरला ती वाया जाणार होती, बायकोच्या रजा दिवाळीतच संपल्या होत्या आणि मुलाची परीक्षा होती. पण मंगळवारी सकाळी मी बूट घालत असताना पुण्याहून बहिणीचा फोन आला, “दादा, तुझं सगळं ठीक आहे ना?” आईने कळवलं असणार.

गोरेगावहून बोरिवली आणि तिथून डहाणू लोकल. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत जायला लागली. त्याआधी विरारला उतरून शटलची वाट बघावी लागायची. चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर, म्हणजे आपण लोकलने प्रवासाला निघालोय की लोकलला सोडायला निघालोय, हे सफाळ्यानंतर कळेनासं होतं. केळवे रोड, डहाणू रोड या नावांतला ‘रोड’ मला फार प्रामाणिक वाटतो. रेल्वेने लपवाछपवी केलेली नाही. गाव इथे नाही, इथून गावाला रस्ता जातो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

समोर बसलेले गृहस्थ बोईसरच्या कारखान्यात जाणारे. त्यांनी पालघरपर्यंत दम धरला. मग म्हणाले, “डहाणूला कुणाकडे?”

“असंच,” मी म्हणालो.

‘असंच’ हे उत्तर मराठीत कधीही देऊ नये. त्यांनी मान डोलावली आणि मांडीवरची बॅग या हातातून त्या हातात, माझ्यापासून लांबच्या बाजूला घेतली. उमरोळीला ते दरवाज्याकडे सरकले, बोईसरला उतरले, आणि त्यांच्याबरोबर अख्खी गाडी उतरली, पातेलं उपडं करावं तशी. वाणगावनंतर डब्यात मी, दोन भाजीवाल्या आणि झोपलेला एक पोलीस. भाजीवाल्यांनी विचारलं नाही. त्या एकमेकींकडे बघून हसल्या, ते जास्त लागलं.

डहाणू रोडला मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एकटेपणाला भाव आला. स्टेशनाबाहेर सीटवर रिक्षा. “पारनाका, एक सीट! एक सीट!” अशी हाक चालू होती. आत माणसं ठासून बसलेली होती आणि माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. त्यांना रिक्षावाल्याने हाताने बाजूला केलं, “तुम्ही दोघं, मागच्यात बसा,” आणि मला म्हणाला, “काका, एकटेच ना? या!” मी बसलो, म्हणजे माझा साधारण एक तृतीयांश भाग बसला, आणि रिक्षा लगेच सुटली. इतका वेळ ती माझ्याचसाठी थांबलेली होती. अशी माणसं जगात फार नसतात.

वाटेत एका कंपाउंडच्या भिंतीवर वारली चित्रं होती. हा मुलूखच त्यांचा. जिव्या सोमा मशे याच तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवर तारपा नाच होता : मधे तारपावाला, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या बायापुरुषांचं वेटोळं. मी रिक्षातून जाता जाता एकटा माणूस शोधत होतो. कुणी भात लावतंय तर ओळीने, लाकडं आणतंय तर ओळीने, लग्नाला निघालंय तर सगळा पाडा. एकटा असा तो तारपावालाच, पण त्याच्यामागे वीस माणसं नाचत होती. त्याला कुणी ‘कुणाकडे’ विचारणार नव्हतं.

पारनाक्याहून आगरला चालत गेलो. डाव्या हाताला सुरूची झाडं, त्यांच्या मधून उजेड. अकरा वाजले होते. मी पिशवीतून टॉवेल, बिस्किटं आणि वही काढली, सुरूंच्या ओळीतून बाहेर आलो आणि थांबलो.

समुद्र नव्हता.

म्हणजे असावा. लांबवर, घोलवडच्या अंगाला वळणाऱ्या क्षितिजापाशी पांढरी रेघ दिसत होती. मधे सगळी ओली, काळसर, टणक वाळू, इस्त्री केल्यासारखी. दोन होड्या कुशीवर पडलेल्या. एक मुलगा त्या वाळूवर मोटरसायकल शिकत होता. मी म्हटलं, चालत जाऊ. बूट हातात घेतले, पँट दुमडली आणि निघालो. दहा मिनिटं चाललो. रेघ होती तिथेच. आणखी दहा मिनिटं चाललो. आता पायाखाली चिखल लागायला लागला आणि रेघ आणखी थोडी लांब गेलेली दिसली. बॉसच्या केबिनकडे आपण निघावं आणि त्यांनी त्याच वेळी मागच्या दाराने मीटिंगला जावं, तसा प्रकार. पुढे पाऊल घोट्यापर्यंत रुतलं, तेव्हा परतलो.

वाळूवर मात्र एक गोष्ट बघण्यासारखी होती. नखाएवढे खेकडे आपापल्या बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या मांडून बसले होते. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाणं चाटून घ्यायचं आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला ठेवायची. बिळापासून निघणाऱ्या किरणांसारख्या ओळी, सगळ्या सारख्या अंतराने. माझी सावली पडली की मालक आत. मी मिनिटभर दगडासारखा उभा राहिलो की एक डोळा वर, मग दुसरा, मग पुन्हा काम सुरू. प्रत्येक बिळात एकच खेकडा होता आणि शेजारचा त्याला काही विचारत नव्हता. मी तिथे अर्धा तास उकिडवा बसलो. माझ्या एकूण सहलीतला तो सगळ्यात निवांत अर्धा तास.

मोटरसायकलवाल्या मुलाला फोन देऊन फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. बहिणीचं उत्तर लगेच आलं : “मैदानात काय करतोयस?”

मग गावात शिरलो. आगरच्या रस्त्याला चिकूच्या वाड्या. झाडं एवढी दाट की बारा वाजता खाली संध्याकाळ. चिकू हा मूळचा मध्य अमेरिकेतला, पण इथे असा रुळलाय की २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याकडेला एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, आत्ता खायला द्या.”

“आत्ताचे नाहीत दादा. तांदळात ठेवा. तीन दिवसांनी खा.”

“मी आजच परत जाणार.”

“मग घरी खा.”

तर्क बिनतोड होता, म्हणून दोन किलो घेतले. पण माणसाचा स्वभाव जात नाही. चार पावलं पुढे जाऊन त्यातला बरा मऊ दिसणारा एक रुमालाने पुसला आणि चावला. ज्यांनी कच्चा चिकू खाल्लेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. आधी जीभ टाळूला चिकटते, मग ओठ ओठांना. याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम करायचे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आता तोंडाने अनुभवत होतो. आणि नेमक्या त्याच वेळी वाडीतून एक माणूस बाहेर आला. हातात बेडणी, म्हणजे टोकाला जाळी बांधलेली फळं काढायची लांब काठी. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, आणि विचारलं, “जागा बघताय?”

“म्म्म,” मी म्हणालो.

“मोजणीचे आहात?”

मी जोरजोरात मान हलवली.

“मग पोर्टचे? का बुलेट ट्रेनचे?”

त्याचं चुकलं म्हणता येत नाही. वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ ३० ऑगस्ट २०२४ ला झाला, बुलेट ट्रेनचा मार्ग याच तालुक्यांतून जातो. बाहेरचा एकटा माणूस वही घेऊन झाडांकडे बघत उभा राहिला, तर तो निसर्गप्रेमी असण्याची शक्यता इथे शेवटी विचारात घेतात. आणि वहीचा धाक तर जुनाच आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी तलासरी-डहाणूच्या वारल्यांना उभं केलं, त्याआधी कितीतरी जमिनी सावकारांच्या अशाच वह्यांतून गेल्या होत्या. मी वही पिशवीत घातली, ओठ बोटांनी सोडवले आणि म्हणालो, “समुद्र बघायला आलोय.”

“असं सगळेच सांगतात,” तो म्हणाला, आणि मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत बेडणी टेकून उभा राहिला.

जेवायला एका खानावळीत गेलो. “किती जण?” पोऱ्याने विचारलं. “एक.” त्याने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. मागून कुणी येत नाही याची खात्री झाल्यावर मला एका कुटुंबाच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसवलं. चौघंजण होते, गुजरातीत बोलत होते. आजोबांनी मला न्याहाळलं आणि प्रेमाने विचारलं, “एकला आव्या?” मी हो म्हटलं. त्यांनी हळहळून स्वतःच्या ताटलीतला पापड माझ्या ताटात ठेवला. तोंडातला चिकू अजून सुटला नव्हता, तरी तळलेले बोंबील खाल्ले, वर सोलकढी प्यालो. बोंबील उत्तम होते. त्याबद्दल एवढंच लिहितो, कारण पुढे त्यातून भानगड झाली.

दोन वाजून गेल्यावर पुन्हा किनाऱ्यावर आलो. समुद्र आणखी लांब गेला होता. आता रेघसुद्धा मानली तर होती. सुरूच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ते सांधत बसले होते. मी शेजारी टेकलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी म्हटलं, या गावात एक तरी माणूस न विचारणारा भेटला. तेवढ्यात जाळ्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “कुणाकडे आलात?”

माझा दिवसभराचा धीर सुटला. “काका, मी कुणाकडे आलो नाही. मी समुद्राकडे आलोय.”

त्यांनी समोर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि एखाद्याच्या ओट्यावर बसून पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं, “तो आता घरी नाही.”

“कधी येईल?”

“आज तिथी कुठली?”

मला माहीत नव्हती. मोबाइलमध्ये पंचांग काढलं. एकादशी.

“मग अकराची पाऊणपट करा.”

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, तरी बोटं मोजली. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी, सव्वादोनला, पूर्ण ओहोटी. थोडं इकडे-तिकडे. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. वर्षभरात एकच रजा ठेवली होती, आणि तिच्यात समुद्र गावात नसण्याचा मुहूर्त मी मिनिटावर गाठला होता. चौथ असती तर तीनला भरती. अष्टमी असती तर सहाला. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला उधाण. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी कशासाठी पाठ करतात, हे मला पन्नाशीनंतर आगरला कळलं.

“रात्री साडेआठला या,” काका म्हणाले, “असेल.”

दुसरी गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. एकादशी. आणि पोटात बोंबील. आमच्याकडे आई एकादशी कडक पाळते आणि बाकीच्यांनी निदान मासळी तरी खाऊ नये एवढी तिची माफक अपेक्षा असते. मी काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “बोंबलाला काय माहीत एकादशी.” यावर माझं बरंच समाधान झालं.

मग आम्ही काही बोललो नाही. दक्षिणेकडे, खाडीपलीकडे, वीजकेंद्राचं उंच धुराडं दिसत होतं. डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र ५०० मेगावॅटचं, आणि तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना येते. म्हणजे मी गोरेगावात ज्या पंख्याखाली झोपतो त्याचा मूळ पुरुष हा. आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फुगेही बहुधा इथलेच, कारण डहाणूला फुग्यांचे कारखाने आहेत. आणि गंमत म्हणजे हे धुराडं ज्या तालुक्यात आहे तो अख्खा तालुका २० जून १९९१ पासून केंद्र सरकारच्या कागदावर पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे. आमच्या घरात हा दर्जा फक्त माझ्या पोटाला आहे. सरकारने नाजूक म्हटल्याने भागलं नाही, म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरणच बसवलं. चिकूच्या वाड्या, ही सुरूची ओळ, खेकड्यांची रांगोळी अजून जागेवर आहे, त्यात त्या कागदाचा बराच हात असावा. तर सांगायचं काय, की ‘कुणाकडे’ला माझ्याकडे उत्तर होतं. आमचा पंखा इथला. विचारणारे सगळे मात्र तोवर घरी गेले होते.

साडेतीननंतर तो निघाला. आधी कळत नाही. लांबच्या रेघेला जाडी येते. मग मधल्या सखल जागांत कुठूनतरी पाणी येऊन चमकायला लागतं, मागच्या दाराने आल्यासारखं. मोटरसायकलवाला मुलगा गेला. खेकड्यांच्या गोळ्यांवरून पातळ पाण्याचा एक पदर फिरला आणि सकाळपासूनची सगळी मांडणी एका फटक्यात सपाट झाली. पाच वाजता कुशीवर पडलेल्या होड्यांखाली पाणी शिरलं. साडेपाचला तो अर्ध्या वाटेवर होता आणि मला निघायचं होतं. काकांनी जाळं गुंडाळलं. म्हणाले, “पुढच्या वेळी विचारून या.”

नाक्यावर रिक्षा रिकामी उभी होती. “एकटेच?” रिक्षावाला म्हणाला. “मग थांबा जरा.” पाऊण तास थांबलो. सकाळी माझ्यामुळे सुटणारी रिक्षा संध्याकाळी माझ्यामुळे अडली होती.

रात्री साडेनऊला घरी पोचलो. आई जागी होती.

“कोण भेटलं?”

“ज्याच्याकडे गेलो होतो तो घरीच नव्हता.”

“आधी फोन करून जावं माणसाने,” ती म्हणाली. “काही खाल्लंस का? आज एकादशी होती.”

मी चिकूंची पिशवी पुढे केली. तिने त्यातला एक दाबून पाहिला, काही न बोलता सगळे तांदळाच्या डब्यात पुरले.

शुक्रवारी, चतुर्दशीला, ते पिकले. चार डब्यात घालून ऑफिसात नेले. चौदाची पाऊणपट साडेदहा. त्या वेळी आगरला समुद्र घरी होता, आणि मी चिकू खात टेबलावर.